निगेटिव्ह जळल्या, पुस्तक उरलं

या सदरात एरवी आपण पासवर्ड, क्लाउड, फोनची भरलेली मेमरी असल्या गोष्टी बोलतो. या वेळचा विषय कागदांचा आहे. दिवाळीची साफसफाई जवळ आली की आपल्या घरांतली वरची कपाटं रिकामी होतात आणि रद्दीवाल्याची हाक ऐकू आली की त्यातलं बरंच काही वजनावर जातं. त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगतो. तो माणूस अमेरिकेतल्या एका मासिकाचा आर्ट डायरेक्टर होता, फोटोग्राफर होता आणि शिक्षकही होता. नाव अलेक्सी ब्रोडोविच.

आधी आर्ट डायरेक्टर म्हणजे कोण ते पाहू. मासिकात फोटो फोटोग्राफर काढतो, मजकूर लेखक लिहितो. पण कोणता फोटो मोठा, कोणता लहान, कुठे कापायचा, मजकूर पानाच्या कोणत्या कोपऱ्यात बसवायचा, किती जागा कोरी सोडायची, या पानानंतर पुढचं पान उघडलं की वाचकाला काय दिसलं पाहिजे, हे सगळं आर्ट डायरेक्टर ठरवतो. फोटोखाली फोटोग्राफरचं नाव छापतात, लेखावर लेखकाचं. आर्ट डायरेक्टरचं नाव संपादक मंडळाच्या यादीत, बारीक अक्षरात. आमच्या धंद्यात सिस्टिम डिझाइन करणाऱ्याचं असंच होतं. सगळं नीट चाललं तर त्याने नेमकं काय केलं ते कुणालाच दिसत नाही.

म्हणून अशा माणसाचं काम समजून घ्यायचं तर छापलेला अंक पुरत नाही. अंकात फक्त शेवटचा निर्णय दिसतो. त्याआधीचे निर्णय कागदांवर असतात : पेन्सिलने आखलेली पानं, खुणा केलेले फोटो, नाकारलेले फोटो, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार, कॉन्टॅक्ट शीट. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे अख्ख्या रोलमधले सगळे फोटो एकाच कागदावर, निगेटिव्हच्याच आकारात छापलेले. त्यावर लाल पेन्सिलने केलेला गोल पाहिला की ३६ फोटोंतून हा एकच का निवडला असेल याचा विचार सुरू होतो.

ब्रोडोविचचा जन्म १८९८चा, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातला. क्रांतीनंतरच्या यादवीत तो बोल्शेविकांच्या विरुद्ध बाजूने लढला, ती बाजू हरली आणि १९२० साली तो पॅरिसला पोचला. सुरुवातीला घरं रंगवली. मग दियागिलेव्हच्या प्रसिद्ध बॅले रूस या कंपनीसाठी रंगमंचाचे पडदे रंगवले. १९२४ साली एका नृत्यसमारंभासाठी पोस्टरची स्पर्धा होती, तीत पहिला आला आणि जाहिरातीच्या, छपाईच्या कामात शिरला. १९३० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका कलाशाळेत जाहिरातकला शिकवायला गेला. १९३४ साली हार्पर्स बझार या मासिकाची संपादक कार्मेल स्नो हिने त्याचं काम पाहिलं आणि त्याला आर्ट डायरेक्टर नेमलं. १९५८पर्यंत, म्हणजे सुमारे २४ वर्षं, तो तिथे होता.

त्याच्याआधी फॅशनचं मासिक म्हणजे चौकटीत बसवलेला फोटो आणि त्याखाली मजकूर. ब्रोडोविचने समोरासमोरची दोन पानं एकच मानली. फोटो पानाच्या काठापर्यंत नेला, कधी काठाबाहेर कापला. मजकुराचा आकार शेजारच्या फोटोतल्या बाईच्या उभं राहण्याशी जुळवला. आणि बरीच जागा सरळ कोरी सोडली. कागदासाठी पैसे मोजणाऱ्या मालकाला कोरी जागा म्हणजे उधळपट्टी वाटणारच, पण त्या कोऱ्या जागेमुळे नजर नेमकी कुठे जायची ते ठरत असे. आज आपण फोनवर जे 'स्वच्छ' दिसणारं डिझाइन पाहतो त्याची बरीचशी सवय तिथून आली आहे.

त्याची काम करायची रीत साधी होती. एकेका फोटोच्या वेगवेगळ्या आकारांच्या प्रती काढून घ्यायच्या. त्या वेळी त्यासाठी फोटोस्टॅट नावाचं मशीन होतं. त्या प्रती कात्रीने कापायच्या, कागदावर सरकवून सरकवून बसवायच्या आणि मग अंकाची सगळी पानं ओळीने जमिनीवर मांडायची. उभं राहून पाहिलं की अंक सिनेमासारखा दिसतो : इथे संथ, इथे अचानक मोठं, इथे शांत. नको वाटलं की पानांची जागा बदलायची. जमिनीवरच्या त्या मांडणीचा कागद होत नाही. पानं उचलली की ती गेली.

फिलाडेल्फियात असतानाच त्याने 'डिझाइन लॅबोरेटरी' नावाचा वर्ग सुरू केला आणि पुढे तो न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं चालवला. रिचर्ड अॅव्हेडॉन, आयर्विंग पेन, लिझेट मॉडेल, गॅरी विनोग्रँड, हिरो ही फोटोग्राफीतली मोठी नावं कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेली. तो सूत्रं सांगत नसे. विद्यार्थ्याने आणलेलं काम पाहून त्याची एकच अपेक्षा असे, की यात आधी पाहिलेलं काही नको. स्वतःची नक्कलही नको.

आता 'बॅले'. १९३५ ते १९३७ या काळात रशियन बॅले कंपन्या न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम करत तेव्हा ब्रोडोविच छोटा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन विंगेत उभा राहायचा. फ्लॅश नाही. रंगमंचावर जो उजेड असेल त्यातच फोटो. साहजिकच फोटो हलले, दाणे उठले, दिव्यांभोवती पांढरे डाग पडले. कुणीही असे फोटो फेकून दिले असते. त्याने डार्करूममध्ये ते दोष आणखी वाढवले. नाचणाऱ्या पायांचा झोका, वळताना पसरलेला झगा, विंगेतली धावपळ, हे स्थिर आणि सुबक फोटोत येतच नाही असं त्याला वाटत होतं. त्यातल्या १०४ फोटोंचं आडवं पुस्तक १९४५ साली निघालं. प्रती सुमारे ५००. त्यांतल्या बऱ्याच मित्रमंडळींना वाटल्या गेल्या. पुस्तक फारसं कुणाच्या हाती पडलं नाही, पण ज्यांच्या हाती पडलं त्यांच्यात फोटोग्राफर बरेच होते.

त्याच्या घरांना एकाहून अधिक वेळा आग लागली. १९५६च्या आगीत 'बॅले'च्या निगेटिव्ह जळल्या. त्यांच्याबरोबर त्याची चित्रं आणि बाकीचं साहित्यही गेलं. दोन वर्षांनी नोकरी गेली, पुढच्या वर्षी बायको वारली. दारूचं व्यसन होतंच. शेवटची वर्षं फ्रान्समध्ये, पैशांच्या ओढाताणीत गेली आणि १९७१ साली तिथल्याच एका लहान गावात तो वारला. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात, जिथे त्याने अमेरिकेतलं पहिलं काम केलं होतं तिथेच, त्याच्या कामाचं प्रदर्शन झालं. आगीनंतर त्याच्याजवळ फार काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते जगभर विखुरलेलं : ग्रंथालयांतले हार्पर्स बझारचे अंक, विद्यार्थ्यांची कामं आणि आठवणी, आणि 'बॅले'च्या वाटलेल्या प्रती.

त्या प्रतींचं पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. २०११ साली न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनाने 'बॅले'तलं पानन् पान छापून नवं पुस्तक काढलं. निगेटिव्ह नव्हत्याच, म्हणून जुन्या छापील प्रतीवरून. आज कुणीही तरुण फोटोग्राफर ते फोटो पाहू शकतो, कारण १९४५ साली ते ५०० ठिकाणी जाऊन बसले होते. आमच्याकडे याला बॅकअप म्हणतात. कपाटातली मूळ वस्तू कितीही सांभाळली तरी ती एका जागी असते आणि एका जागी असलेली गोष्ट एका रात्रीत जाते.

पण बॅकअपने प्रश्न अर्धाच सुटतो. जे छापलं तेवढंच वाटलं गेलं आणि तेवढंच वाचलं. १०४ फोटो निवडण्याआधी किती काढले होते, कोणते नाकारले, कोणता कसा कापून पाहिला, ते आगीबरोबर गेलं. जमिनीवर मांडलेली पानं गेली तसंच.

याच्या शेजारी दुसरा माणूस ठेवून पाहा. अलेक्झांडर लिबरमन. जन्म १९१२, कीव्हचा. तोही पॅरिसमार्गे १९४१ साली न्यूयॉर्कला आला आणि १९४३ साली व्होग या मासिकाचा आर्ट डायरेक्टर झाला. व्होग आणि हार्पर्स बझार यांच्यात टोकाची स्पर्धा. ब्रोडोविचचा विद्यार्थी आयर्विंग पेन याला व्होगमध्ये घेतलं ते लिबरमननेच. पुढे १९६२ ते १९९४ एवढी वर्षं तो त्या कंपनीच्या सगळ्या मासिकांचा संपादकीय प्रमुख होता. मोकळ्या वेळात कॅमेरा घेऊन मातिस, ब्राक, पिकासो, जाकोमेत्ती यांच्या स्टुडिओंत जायचा. ते फोटो १९६० साली पुस्तकरूपाने आले. १९९९ साली तो वारला. त्याचे कागद आज स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन कला अभिलेखागारात आहेत आणि त्याचे फोटो लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेत. दोघांच्या गुणवत्तेत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. पण आज अभ्यासकाला लिबरमनच्या टेबलावर काय चालायचं ते पेटी उघडून पाहता येतं. ब्रोडोविचचं टेबल मात्र इतरांच्या आठवणींतून उभं करावं लागतं. अॅव्हेडॉनचा संग्रह अॅरिझोनातल्या एका केंद्रात आहे, पेनचा शिकागोच्या कलासंस्थेत. गुरूचा शोध घ्यायला शिष्यांच्या पेट्या उघडाव्या लागतात.

पेटी उघडून पाहता येते याला आणखी एक कारण आहे. अभिलेखागारात कागद आले की ते लगेच तारखेनुसार किंवा विषयानुसार लावत नाहीत. त्या माणसाने ज्या क्रमाने ठेवले होते तो क्रम आधी जपतात, कारण क्रमातही माहिती असते. बिलाच्या खाली प्रेमपत्र का, याला काहीतरी कारण असतं. मग पेटीला क्रमांक, पेटीतल्या पाकिटाला क्रमांक आणि कोणत्या पाकिटात काय आहे याची एक यादी. ही यादी नसेल तर पेट्या असून नसल्यासारख्या. प्रोग्रॅमर मंडळींनी 'रीडमी' फाइल आठवावी.

आपल्याला हे काही परकं नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद ठेवत ते कापडात बांधून. त्या गाठोड्याला शब्दच 'रुमाल'. असे हजारो रुमाल तिथे आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केले. रियासतकार सरदेसाई म्हणजे आपल्या बडोद्याचेच म्हणायचे. १८८९पासून ३५ वर्षांहून जास्त काळ ते सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी हे एवढं काम उपसलं. रुमाल सांभाळणारे कारकून, ते सोडून वाचणारे, मोडीतून उतरवणारे आणि छापणारे, या सगळ्यांमुळे आज आपण पेशवाईबद्दल ऐकीव गोष्टींपलीकडे काही बोलू शकतो.

आणि आजच्या बडोद्याचंही उदाहरण आहे. ज्योती भट्ट, १९३४चा जन्म, आपल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधले चित्रकार, मुद्राचित्रकार आणि फोटोग्राफर. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते गावोगाव फिरून बायकांनी काढलेल्या रांगोळ्या, सारवलेल्या भिंतींवरची चित्रं, गोंदणं यांचे फोटो काढत राहिले. त्यांतल्या किती भिंतींवर आता ऑइलपेंट आला असेल याचा विचार करा. त्यांच्या आणि बडोद्याच्या इतर काही कलावंतांच्या संग्रहांचं डिजिटायझेशन हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने केलं. आपल्या गल्लीतून ज्यांच्याजवळून आपण गेलो असू त्यांचे कागद आज जगात कुठूनही पाहता येतात.

आता घरात येऊ. त्यासाठी आणखी एक आर्ट डायरेक्टर. सिपी पिनेलेस, व्हिएन्नात १९०८ साली जन्मलेली, अमेरिकेत मोठी झालेली. सेव्हंटीन, चार्म अशा मासिकांची ती आर्ट डायरेक्टर होती आणि न्यूयॉर्कच्या आर्ट डायरेक्टर्स क्लबने सदस्य करून घेतलेली पहिली स्त्री. तिचे व्यावसायिक कागद रॉचेस्टरच्या तंत्रविद्यापीठात व्यवस्थित जपलेले आहेत. पण १९४५ साली तिने आईच्या हातच्या पदार्थांची एक वही केली होती, प्रत्येक पानावर भांडी, भाज्या, कोंबडी असं रंगवून. ती वही संग्रहात नव्हती. ती सापडली जुन्या पुस्तकांच्या बाजारात, विक्रेत्याच्या टेबलावर. ज्यांना सापडली त्यांनी ती २०१७ साली पुस्तक म्हणून छापली आणि आज तिचं नाव बऱ्याच जणांना त्या वहीमुळे माहीत झालं आहे. ऑफिसचे कागद ते 'काम' आणि स्वयंपाकाची वही म्हणजे 'घरातलं', असं समजलं की असं होतं. वही बाजारात सापडली हे नशीब.

आपल्याकडे हाच धोका जास्त आहे. तीन-चार पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आलेल्या आपल्या घरांचा इतिहास कुठल्याही सरकारी दप्तरात फारसा नाही. तो पणजीच्या रुखवताच्या यादीत आहे. आजीच्या पाककृतींच्या वहीत आहे, जिच्यात भाकरीशेजारी हांडवो आला आणि मराठीत गुजराती शब्द शिरले. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या जमाखर्चात आहे, नाटकाच्या तालमीच्या फोटोत आहे. मंडळाची छापील स्मरणिका 'बॅले'सारखी आहे : बऱ्याच घरांत एकेक प्रत असते, कुठेतरी उरतेच. पण स्मरणिकेत न छापलेले फोटो, सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या, पत्रं, हस्तलिखित अंक, हे सगळं एका कपाटात असतं. त्या कपाटाची किल्ली ज्या काकांकडे आहे त्यांचं वयही पाहा.

सगळंच ठेवायला हवं का? नाही. अभिलेखागारंही सगळं घेत नाहीत. विजेची ५० बिलं ठेवण्यात अर्थ नाही, एखादं ठेवावं. आणि काही कागद खाजगी असतात. आत्याने कुणाला लिहिलेली पत्रं स्कॅन करून फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी ती हयात असेल तर तिला विचारावं. नसेल तर पत्रं जपावीत, पण सगळ्यांना लगेच दाखवण्याची घाई नको. मोठ्या संस्थाही काही पेट्या ठरावीक वर्षं बंद ठेवतात.

बाकी कृती अवघड नाही. फोटो आल्बममधून काढण्याआधी पानाचाच फोनने एक फोटो घ्या, म्हणजे क्रम राहील. फोटोमागे मऊ पेन्सिलने, दाब न देता, नावं, ठिकाण, साल लिहा. बॉलपेनची शाई उमटते. चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले आल्बम फोटो खराब करतात. त्यातले फोटो सहज निघत असतील तर कागदी पाकिटांत ठेवा, निघत नसतील तर ओढू नका, आहेत तसेच स्कॅन करा. निगेटिव्ह टाकू नका. तिच्यावरून फोटोपेक्षा चांगली प्रत निघते. डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म सडायला लागली आहे. ती वेगळी ठेवा आणि तिचं स्कॅनिंग आधी करा. कागदी फोटो ६०० डीपीआयने, ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २,४०० किंवा त्याहून जास्त डीपीआयने. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते आणि तिच्यातली तारीख-ठिकाणाची नोंदही जाते, म्हणून ती जपायची प्रत समजू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. संगणकवाल्यांचा हा ३-२-१चा नियम लोकप्रिय केला तो पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने, हे बऱ्याच संगणकवाल्यांना माहीत नसतं.

या सगळ्यांत घाईचं काम एकच आहे, फोटोतल्या माणसांची नावं लिहून घेणं. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल आणि आजच्यापेक्षा चांगला मिळेल. पण मागच्या ओळीत डावीकडून तिसरी, नऊवारीतली बाई कोण, हे सांगणारी माणसं घरात आता एक-दोनच उरली आहेत. या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर आल्बमही त्यांच्यापुढे ठेवा. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि त्यांना बोलू द्या. मंडळाच्या कपाटासाठी दोन-तीन जणांनी एक रविवार काढला, तर काय काय आहे त्याची यादी करायला मी येतो.